सरकत्या तळाचा क्रम तेलाने ठरवावा की पीएलसीने (प्रोग्रॅम करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने)?

धागाकर्ता:
ट्रेलरचा सांगाडा न उचलता लाकडाच्या चिप्स, भुसा किंवा कचरा मागे रिकामा करणारा सरकता तळ ओरेगनच्या कीथ कंपनीने ‘वॉकिंग फ्लोअर’ या नावाने प्रसिद्ध केला. त्यात ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्यांचे तीन गट असतात. प्रत्येक तिसरी पट्टी एकाच आडव्या बीमला जोडलेली असते आणि प्रत्येक बीमला तेलाच्या दाबावर चालणारा स्वतंत्र सिलिंडर असतो. तिन्ही गट एकदम पुढे, म्हणजे माल बाहेर पडण्याच्या दिशेने, सरकले की माल त्यांच्याबरोबर जातो. मग एकेक गट मागे येतो आणि उरलेल्या दोन गटांचे घर्षण मालाला जागीच धरून ठेवते.

हा क्रम तेलानेच ठरवावा, असे माझे ठाम मत आहे. एक गट टोकाला पोहोचला की सिलिंडरमधला चेक व्हॉल्व्ह (एरवी तेलाला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) ढकलला जाऊन उघडतो आणि तेलाला पुढच्या सिलिंडरची वाट मिळते. तिसराही पोहोचला की बीम एक दांडी ढकलतो आणि मुख्य व्हॉल्व्ह दिशा बदलतो. आता बॉयलरचे इंधन साठवणाऱ्या स्थिर बंकरांतही प्रत्येक सिलिंडरला सेन्सर आणि सोलेनॉइड (विजेने उघड-बंद होणारा) व्हॉल्व्ह बसवून क्रम पीएलसीकडे सोपवण्याकडे कल दिसतो. रात्रपाळीत एका सेन्सरची केबल तुटली, तर सबंध बंकर थांबतो आणि फिटरला पाना सोडून लॅपटॉप शोधावा लागतो.

बॉयलर विभागातील अभियंता:
ट्रेलरपुरते आपले म्हणणे मान्य आहे, बंकरबाबत मुळीच नाही. पंपाचा प्रवाह ठरावीक असेल, तर पुढे जाताना तेल तीन सिलिंडरांत वाटले जाते आणि मागे येताना सगळे तेल एकालाच मिळते, म्हणून एकत्र पुढे जाण्यास जेवढा वेळ लागतो साधारण तेवढाच वेळ तिघांच्या पाळीपाळीने परतण्यास लागतो. याचा अर्थ असा की, निम्मा वेळ माल हलतच नाही. पीएलसी आणि बदलत्या प्रवाहाचा पंप असेल, तर पुढचा स्ट्रोक (सिलिंडरची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सरक) संथ ठेवून परतीचा वेगवान करता येतो आणि भट्टीकडे जाणाऱ्या मालातला खंड बराच कमी होतो. शिवाय इंडक्टिव्ह (स्पर्शाशिवाय धातू ओळखणारा) सेन्सर भुशाच्या थराआडूनही धातू ओळखतो, त्यामुळे धुळीची भीती अनाठायी आहे.

धागाकर्ता:
भीती धुळीची नाही, केबलची आणि सैल होणाऱ्या ब्रॅकेटची आहे. खंडाचे म्हणाल, तर तळाखाली मोजून माल सोडणारा स्क्रू आणि त्याच्या तोंडाशी छोटा साठा ठेवला की तो भरून निघतो. आपल्या साखर कारखान्यांतही बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) कॅरियर गरजेपेक्षा जास्त माल फिरवतो आणि उरलेला परत यार्डात नेतो. पुरवठा स्थिर करण्याचे काम बॉयलरच्या तोंडाशीच होते.

यंत्ररचनाकार:
दोघांनीही दाबाचा हिशेब सोडून दिला आहे. पुढे जाताना पट्टी आणि खालच्या प्लास्टिकच्या बेअरिंगमधले घर्षण तिन्ही सिलिंडर वाटून घेतात, त्यात मालाचे बाजूच्या भिंतींशी होणारे घर्षण मिळते. परतताना मात्र एकटा सिलिंडर आपल्या वाट्याच्या एक तृतीयांश वजनाखालून पट्ट्या ओढतो, म्हणजे त्याला बेअरिंगचेही आणि मालाचेही घर्षण सोसावे लागते. ओला, दबलेला माल असेल, तर परतीचाच दाब जास्त चढतो. अशा वेळी तुम्ही परतीचा वेग वाढवलात, तर स्ट्रोकच्या टोकाला बसणारा दाबाचा धक्का सील आणि होज दोन्ही खातो. वेग वाढवायचाच, तर टोकाजवळ प्रवाह कमी करणारा रॅम्प आधी द्यावा.

बॉयलर विभागातील अभियंता:
रॅम्पचा मुद्दा अगदी रास्त आहे. पण तो पीएलसीतच सहज देता येतो, दांडीने पलटणाऱ्या व्हॉल्व्हला तो जमवणे फार अवघड आहे.

धागाकर्ता:
सिलिंडरच्या टोकाला कुशन (तेलाची वाट अरुंद करून वेग मंदावणारी रचना) देऊन तो धक्का यांत्रिक रीतीनेही कमी करता येतो, त्यासाठी एकही वायर लागत नाही. ट्रेलर असो वा बंकर, चालू-बंद करण्यापुरताच सोलेनॉइड ठेवावा आणि क्रमाला हात लावू नये, यावर मी अजूनही कायम आहे.