ओव्हरक्लॉकिंगनंतर तापमान बरेच वाढले, फ्रेम मात्र जेमतेम वाढल्या

प्रश्न

आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममधून मी कार्डाच्या कोअरचा, म्हणजे मुख्य चिपचा, वेग १२० मेगाहर्ट्झने वाढवला (ओव्हरक्लॉकिंग केले) आणि व्होल्टेज व पॉवर लिमिट (कार्डाला घेता येणाऱ्या विजेची मर्यादा) दोन्ही कमाल मर्यादेला नेले. तापमान ७१ वरून ८२ अंश सेल्सिअसवर गेले, पण गेममधील दर सेकंदाच्या फ्रेम (पडद्यावर येणारी चित्रे) सुमारे ४ टक्क्यांनीच वाढल्या. एवढ्याशा लाभासाठी ही उष्णता पत्करावी का? शिवाय मेमरीचा वेग कितपत वाढवणे सुरक्षित आहे?

पहिले उत्तर

हे असेच व्हायचे होते. चिपमधील स्विचिंगला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, परंतु व्होल्टेजच्या बाबतीत ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे व्होल्टेज १.०० वरून १.१० व्होल्टवर नेऊन वेग ५ टक्क्यांनी वाढवला, तर विजेचा खर्च जवळपास २७ टक्क्यांनी वाढतो आणि ती सगळी वीज अखेर उष्णताच होते. फ्रेम मात्र फार तर ५ टक्क्यांनी वाढणार, आणि मेमरी किंवा प्रोसेसर मागे पडत असेल तर तेवढ्याही नाहीत.

तुमचे कार्ड एनव्हिडियाचे असेल, तर आणखी एक गोष्ट पाहा. २०१२ च्या केप्लर पिढीपासून या कार्डांत जीपीयू बूस्ट, म्हणजे वीज व तापमान पाहून वेग आपोआप वर-खाली करणारी सोय, आहे. अलीकडच्या पिढ्यांत कार्ड तापू लागले की तापमानाची कमाल मर्यादा गाठण्यापूर्वीच वेग टप्प्याटप्प्याने उतरतो. म्हणून अर्धा तास गेम चालल्यानंतर कोअरचा प्रत्यक्ष वेग किती टिकतो, हे आफ्टरबर्नरच्या आलेखात तपासा. वाढवलेल्या १२० पैकी काही भाग तापमानानेच परत घेतलेला असू शकतो.

दुसरे उत्तर

मेमरीबाबत केवळ पडद्यावर ठिपके दिसतात का, एवढ्यावर विसंबू नका. जीडीडीआर६एक्ससारख्या (ग्राफिक्स कार्डांतील एक प्रकार) मेमरीत पाठवणीतील चूक ओळखून ती माहिती पुन्हा पाठवली जाते. त्यामुळे चित्र स्वच्छ दिसत असतानाही कामगिरी घसरू शकते. वेग थोडा थोडा वाढवून प्रत्येक वेळी तीच बेंचमार्क (कामगिरीला गुण देणारी) चाचणी घ्या आणि गुण वाढायचे थांबले की एक-दोन टप्पे मागे या. एचडब्ल्यूइन्फो या तापमान वगैरे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मेमरीचे तापमान स्वतंत्र दिसत असेल, तर तेही पाहा, कारण कोअर थंड असूनही मेमरी तापलेली असू शकते.

प्रश्नकर्ता

आलेख पाहिला. सुरुवातीचा वेग खरोखरच टिकत नाही. मग व्होल्टेज मूळ स्थितीला आणून ठेवू का?

पहिले उत्तर

मूळ स्थितीच्याही खाली न्या, असे मी आग्रहाने सांगेन. व्होल्टेज-वारंवारता आलेखात (कोणत्या व्होल्टेजवर किती वेग, हे ठरवणाऱ्या रेषेत) कारखान्याचाच वेग कमी व्होल्टेजवर बसवा. तो वेग १.०५ ऐवजी ०.९० व्होल्टवर टिकला, तर स्विचिंगची वीज सुमारे २७ टक्क्यांनी घटते आणि त्यातून मिळालेल्या सवलतीत वेग थोडा वाढवताही येतो. प्रत्येक चिपची क्षमता निराळी असल्याने दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. स्थिरतेसाठी रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याची पद्धत) असलेला जड गेम बराच वेळ चालवा आणि नंतर हलका गेमही तपासा, कारण कमी भारावर वेग सर्वांत वर जातो आणि अपुरे व्होल्टेज बऱ्याचदा तिथेच उघडे पडते.