कुत्रीची खोड जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहावी का?

चिंचोका
गेले पाच महिने माझ्याकडे एक कुत्री फॉस्टरला आहे, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला. नाव ठिपकी. दातांवरून व्हेटनी वय तीनच्या आसपास सांगितलंय. मागच्या उजव्या पायात प्लेट, नसबंदी झालेली, लसी पूर्ण. स्वभावाने गरीब. खोड एकच, तिला एकटं राहवत नाही. मी दार ओढून घेतलं की चार-पाच मिनिटांत रडणं सुरू, मग खरवडणं. आमच्या दाराला आतून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगच उरलेला नाही, नुसतं लाकूड दिसतं.

दत्तकाच्या जाहिरातीत मी पहिलंच वाक्य टाकलंय : "ही कुत्री एकटी राहू शकत नाही." दीड महिना झाला, एक फोन नाही. ज्यांनी तिला सोडवून आणलं ते म्हणतात, वाक्य काढा, लोक भेटायला आले की सांगा.

मी काढणार नाही. याआधीच्या कुत्र्याच्या वेळी तसंच केलं होतं. भेटीत घरचे सगळे त्याच्यावर फिदा, आणि मी निघता निघता हसत म्हटलं, "वाडग्याजवळ कुणी आलेलं साहेबांना चालत नाही हं." त्यांनीही ते हसण्यावारी नेलं. पाचव्या दिवशी रात्री दहाला बेल वाजली. त्यांच्या मुलाने वाडग्याला हात लावला, हा गुरगुरला. चावला नाही, पण परत आला. नंतर कितीतरी दिवस मी खोलीबाहेर गेल्याशिवाय तो खाण्याला तोंड लावत नव्हता. ती चूक माझी, त्यांची नाही.

तेव्हा खोड आधी, फोटो नंतर. कुणाचं मत वेगळं असेल तर बोला.

उंबरठा
माझं आहे. तुमची चूक उशिरा सांगण्याची नव्हती, हसत सांगण्याची होती. या दोन गोष्टींची गल्लत करताय.

जाहिरात माणूस बोट सरकवता सरकवता बघतो. "शकत नाही" दिसलं की बोट पुढे. घरूनच काम करणारा, किंवा ज्याच्या घरी कुणी ना कुणी असतंच असा माणूस, त्याला ठिपकीची खोड ही खोडच नाही. पण तोही पळतो, कारण तुम्ही त्याला कुत्री दाखवायच्या आधी तक्रार दाखवलीत. भेटू द्या, बसू द्या तिच्याशेजारी, मग समोर बसवून सगळं सांगा, दारही दाखवा. फसवणूक कुठे झाली यात?

रानजाई
धागाकर्तीशी सहमत. एकदा कुत्र्यावर जीव जडला की माणूस पुढचं ऐकतच नाही, "होईल सगळं नीट" म्हणतो. म्हणून आधीच सांगायचं.

गच्चीवरून
चावण्याचा इतिहास असेल तर मात्र वादच नको. फोटोच्याही आधी, ठळक अक्षरात.

उंबरठा
@गच्चीवरून, त्याला माझाही विरोध नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या हाताशी खेळ नको. रडणं वेगळं.

पायरव
तुम्ही सगळे ओळ कुठे ठेवायची यावर भांडताय. ती ओळ बरोबर आहे का, ते कुणी विचारलंच नाही. "राहू शकत नाही" हे कशावरून? मोबाइल लावून रेकॉर्ड केलंत का?

कंटाळलेला कुत्रा आधी ठेवलेला खाऊ संपवतो, मग सवडीने उशी फाडतो. घाबरलेला खाऊला शिवत नाही, लाळ गाळतो, आणि बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो. नखांच्या खुणाही दार-खिडकीपाशी, म्हणजे तुम्ही गेलात त्या वाटेवर. तुमच्या वर्णनावरून ही भीतीच वाटते. आल्यावर ओरडू नका, वाढते त्याने.

काम कंटाळवाणं आहे. किल्ल्या उचलायच्या आणि कुठेच जायचं नाही. दिवसातून दहादा. किल्ल्यांचा आवाज आला तरी ती मान वर करेनाशी झाली की दार उघडून लावायचं. मग दहा सेकंद बाहेर. रडायच्या आत परत यायचं, रडल्यावर नाही. काही आठवडे, कदाचित महिने. जास्त असेल तर व्हेटशी बोला, फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन ही औषधं यासाठी देतात, पण स्वतःच्या मनाने अजिबात नको.

आणि जाहिरातीत आकडा लिहा. "आज इतकी मिनिटं बसते." नव्या घरात काही दिवस ते मागे जाईल, हेही लिहा. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने हा रुळण्याचा ठोकताळा सगळे सांगतात. ठोकताळाच आहे तो, पण पाचव्या दिवशी परत करायला निघालेल्याला उपयोगी पडतो.

उंबरठा
राग मानू नका, पण विचारतो. दीड महिना फोन नाही, याचं तुम्हाला मनातून वाईट वाटतंय का? ठेवून घ्यायची असेल तर ठेवा, उत्तमच. पण ती तुमच्याकडे आहे तोवर पुढच्या कुत्र्याची जागा अडलेली आहे.

चिंचोका
हे लागलं. दोन दिवस उत्तर दिलं नाही ते यामुळेच.

वाईट वाटत नव्हतं. फोन वाजला नाही की बरंच वाटायचं.

ठेवून मात्र घेणार नाही. मी दिवसभर बाहेर असते, म्हणजे तिच्यासाठी माझंच घर सगळ्यात चुकीचं.

चिंचोका
दोन आठवड्यांनी. रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यांदा चार मिनिटं वीस सेकंद, काल अकरा मिनिटं. अकराव्या मिनिटालाही रडली नाही, उठून दाराशी जाऊन नुसती बसली. जाहिरात बदलली :

"ठिपकी, अंदाजे तीन वर्षांची. दिवसा घरात कुणीतरी असतं अशा घरासाठी. सध्या अकरा मिनिटं एकटी राहते, त्यापुढे घाबरते. सराव चालू आहे, तुम्हालाही शिकवेन. पहिले काही दिवस जास्त रडेल. जमलं नाही तर कधीही माझ्याकडेच परत, इतर कुणाला द्यायची नाही. नसबंदी, लसी पूर्ण."

रानजाई
"शकत नाही" गेलं, पण खोड पहिल्या तीन ओळींतच आहे. मला चालेल.

उंबरठा
मलाही. फक्त पायातली प्लेट कुठे आहे? जिने, वजन, पुढे कधी लंगडली तर एक्स-रे, हे सगळं घेणाऱ्याला माहीत हवं.

चिंचोका
अरे देवा. इतक्या दिवसांत मला तो पाय दिसायचाच बंद झालाय. टाकते.