मदत हवी आहे: टीएलडी (अंगावरचं रेडिएशन मोजणारा बॅज) रीडिंग एकदम वाढलंय, पांढऱ्या पेशीही कमी (सी-आर्म, सोलापूर)

सातरस्ता_सिस्टर:
अस्थिरोग रुग्णालयाच्या ओटीत (ऑपरेशन थिएटर) सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना क्ष-किरण चित्र दाखवणाऱ्या यंत्रावर, ड्यूटी असते. मागच्या तिमाहीचं रीडिंग ४.८ मिलिसिव्हर्ट आलं, त्याआधी कायम ०.३ च्या आसपास. पांढऱ्या पेशी ४,१००, केसही गळतात. हे रेडिएशनमुळेच का? ड्यूटी बदलून मागू का?

क्षकिरण_आरएसओ:
ताई, घाबरू नका. रक्ताच्या पेशी उतरायला साधारण ५०० मिलिसिव्हर्ट एकदम अंगावर यावे लागतात, केस गळायला त्याच्या कितीतरी पट. ४.८ ने यातलं काहीच होत नाही. फिजिशियनला दाखवा; हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, थायरॉइड बघून घ्या. रेडिएशनवर ढकललं की खरं कारण तसंच राहतं.

पण रीडिंगचा छडा लावायलाच हवा. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) मर्यादा सलग ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट. अशा चार तिमाह्या म्हणजे १९.२.

०.३ चे ४.८ म्हणजे सोळा पट. ०.५ मिमी शिशाचा ॲप्रन ९० टक्क्यांहून जास्त स्कॅटर (रुग्णावर आदळून इकडेतिकडे उडणारे किरण) अडवतो, म्हणजे बॅज ॲप्रनच्या बाहेर राहिला तर साधारण एवढाच फरक पडतो. बॅज छातीवर, ॲप्रनच्या आत लावायचा. ऑपरेशन संपलं की ॲप्रनला अडकवून ओटीत सोडायचा नाही, कंट्रोल बॅजसोबत (तुलनेसाठी ठेवलेला, कोणीही न घालायचा बॅज) रेडिएशन नसलेल्या खोलीत ठेवायचा. त्या तिमाहीचं केस रजिस्टर आणि फ्लुरोचा (चालू क्ष-किरण चित्राचा) वेळ काढून आरएसओंना (रेडिएशन सुरक्षा अधिकारी) लेखी द्या. केसेस वाढलेल्या नसतील तर संशय बॅजवर. वाढल्या असतील तर ड्यूटी वाटून घ्या.

ओटी_टेक:
क्ष-किरण सोडणारी ट्यूब टेबलाखालीच हवी. वर घेतली की स्कॅटर थेट तोंडावर, डोळ्यांवर येतो. लॅटरल व्ह्यूला ट्यूबच्या बाजूला उभं राहू नका, चित्र टिपणाऱ्या डिटेक्टरच्या बाजूला या. १ मीटरवरून २ मीटरवर गेलात की डोस चौथ्या हिश्श्यावर. सर्जनना पल्स मोड (किरण थांबून-थांबून सोडणारा) आणि लास्ट इमेज होल्ड (शेवटचं चित्र पडद्यावर धरून ठेवणारी सोय) वापरायला सांगा. सतत पेडल दाबून ठेवण्यातच सगळा डोस जातो.

ॲप्रन घडी घालून ठेवू नका, शिसं चिरतं. वर्षातून एकदा फ्लुरोखाली धरून भेगा बघा. आपल्याकडच्या ४२-४३ अंशांत गळ्याभोवतीचा थायरॉइड कॉलर नकोसा होतो हे खरं, पण काढायचा तो दोन केसेसच्या मध्ये. घेताना दोन तुकड्यांचा हलका ॲप्रन मागा, निम्मा भार कमरेवर जातो.

डोळ्यांचा डोस छातीच्या बॅजवर दिसत नाही. मोतीबिंदूचा उंबरठा आयसीआरपीने (आंतरराष्ट्रीय रेडिएशन संरक्षण आयोग) २०११ मध्ये ०.५ ग्रेवर (क्ष-किरणांसाठी साधारण ५०० मिलिसिव्हर्ट) आणला, आणि डोस वर्षानुवर्षं साठत जातो. कडेने झाकणारा शिशाचा चष्मा घ्या.

सातरस्ता_सिस्टर:
आभार. आमच्या एका सिस्टरला दिवस गेलेत, तिचं काय?

क्षकिरण_आरएसओ:
तिने आजच लेखी कळवावं. कळवल्यापासून प्रसूतीपर्यंत गर्भाला १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवणं ही मालकाची जबाबदारी. नोकरी सोडायची गरज नाही, सी-आर्मऐवजी वॉर्ड किंवा ओपीडी मागून घ्यावी.