मदत हवी आहे: पावलांवर वाजणारी पायवाट मांडवात वेडी झालीये

कंदीलवाली: गणपतीला नऊ दिवस राहिलेत. सोसायटीच्या देखाव्यात वारीची पायवाट केलीये. सहा टप्पे, पाऊल पडेल तो टप्पा उजळायचा आणि पखवाजाचा एक बोल वाजायचा. घरी मस्त चाललं. मांडवात एक मुलगी पहिल्या टप्प्यावर उभी राहिली आणि सगळे बोल एकदम वाजले! दिवेही गंडलेत. कोड तीनदा तपासलाय. लवकर सांगा प्लीज.

सोल्डरभाऊ: सेन्सर कोणता? दिव्यांची एलईडी पट्टी कोणती? सप्लाय किती अँपिअरचा? आणि दिवे गंडले म्हणजे नेमकं काय होतंय?

कंदीलवाली: सेन्सर पीआयआर, अंगाच्या उष्णतेवरून हालचाल पकडणारा. पट्टी पाच व्होल्टची, नेहमीचीच, ५ मीटर. सप्लायचा प्रश्न नाही, घरी तोच होता.

रंगमंच६२: पट्ट्या काढा, वरून प्रोजेक्टर टाका. जुना किनेक्ट, म्हणजे एक्सबॉक्सचा कॅमेरा, मिळाला तर हालचालही टिपता येईल. आम्ही नाटकात केलंय.

सोल्डरभाऊ: नाटकात अंधार असतो हो. किनेक्ट इन्फ्रारेडवर चालतो, उन्हातही तेच किरण असतात, मांडवात दुपारचं ऊन आलं की त्याला काही दिसणार नाही. आणि नऊ दिवसांत प्रोजेक्टर कुठून आणायचा त्यांनी? ताई, अँपिअर?

कंदीलवाली: १० लिहिलंय. पांढरा लावला की शेवटचा दीड मीटर तांबूस दिसतो. घरी एकच टप्पा जोडून पाहिला होता.

सोल्डरभाऊ: हे आधी सांगायचं ना! मीटरला ६० दिवे असतील तर ३०० झाले. पूर्ण पांढऱ्यावर एका दिव्याला साधारण ६० मिलिअँपिअर, म्हणजे १८ अँपिअर. शिवाय पट्टीतून जाताना व्होल्टेज पडतं, निळा-हिरवा आधी मंदावतो, लाल तेवढा उरतो. मोठा सप्लाय घ्या, दोन्ही टोकांना जोडा, ब्राइटनेस निम्मा करा. कंट्रोलरचा आणि पट्टीचा मायनस एकत्र हवा.

जुना_रेडिओ: हा प्रयोग जुना आहे. १९६५ साली न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केज आणि नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांनी नर्तकांच्या हालचालींवर आवाज बदलणारा कार्यक्रम केला होता. रंगमंचावर फोटोसेल (प्रकाश ओळखणारे सेन्सर) आणि अँटेना होत्या, अँटेना सिंथेसायझरवाल्या रॉबर्ट मूग यांच्या.

पखवाजी: छान माहिती. पण बोल कोणते घेतलेत? धा, दिं, ता असा क्रम असेल तरच चालण्याला लय येईल.

सोल्डरभाऊ: आधी सेन्सर! पीआयआर सहा-सात मीटरवरचं माणूस पकडतो, तेही रुंद कोनात. तुमची पायवाटच ५ मीटरची, मग एका मुलीला सहाही बघणार. शिवाय एकदा लागला की काही सेकंद सुटत नाही. पावलासाठी तो नाहीच.

रंगमंच६२: मग प्लायखाली पिझो चकत्या लावा, धक्का बसला की सिग्नल देणाऱ्या. स्वस्त, आणि पाऊल जोरात पडलं की बोलही जोरात.

सोल्डरभाऊ: शेजारी ढोलपथक उभं राहिलं की प्लाय थरथरणार, बोल आपोआप वाजणार. त्यापेक्षा दोन फॉइल, मध्ये भोकं पाडलेला फोम. पाय पडला की फॉइल टेकते, सर्किट पूर्ण.

रंगमंच६२: पिझोची पातळी कोडमध्ये ठरवता येते. आमचा कधी आपोआप वाजला नाही.

कंदीलवाली: सप्लाय बदलला, पांढरा शेवटपर्यंत पांढरा! फॉइलचा एक टप्पा करून पाहिला. तीच मुलगी दोन्ही पायांनी उडी मारून उभी राहिली आणि एकच ‘धा’ वाजला, ती खाली वाकून बघतच राहिली. पण दहा-बारा जण चालून गेले की फोम दबूनच राहतो, बोल पुन्हा वाजत नाही. काय करू?

सोल्डरभाऊ: फोम कोणता? जाडी किती?