महापालिकेची आर्थिक कामगिरी आणि शहराची सुरक्षितता, संबंध कसा बघायचा?

वाचक_पुणे: आपली पालिका चांगली चाललीय हे नुसतं बजेटच्या आकड्यावरून कळतं का? आणि त्याचा गुन्हेगारीशी काही संबंध लावता येतो का?

जमाखर्च: बजेट म्हणजे अंदाज असतो हो, प्रत्यक्ष वसुली आणि खर्च बघा. स्वतःचं उत्पन्न किती तेही बघा, कारण २०१७ला जीएसटी आला, मुंबईतली जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा कर) गेली आणि तेव्हापासून पालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर बऱ्याच अंशी अवलंबून आहेत. पुण्याने त्याच वर्षी पाण्यासाठी २०० कोटींचे बाँड (कर्जरोखे) काढले, तेव्हा क्रेडिट रेटिंग, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेची श्रेणी, लागलं होतं, तोही एक मापदंड धरा.

रात्रपाळी: पोलीस राज्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे चोऱ्या वाढल्या की थेट पालिकेला नापास करणं चुकीचं आहे. पण पथदिवे आणि अग्निशमन ही घटनेच्या बाराव्या अनुसूचीतली, म्हणजे पालिकांच्या कामांच्या यादीतली, कामं आहेत, तिथे हिशोब मागायलाच हवा! रात्री दहाला कामावरून सुटलेल्या बाईला अंधारातून चालत जावं लागतं, हे कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

जमाखर्च: बरोबर. आणि एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) आकडे नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात, जिथे तक्रार नीट घेतात तिथे ते जास्तच दिसणार. म्हणून वॉर्डनिहाय बंद दिवे, अपघात आणि दुरुस्तीचा खर्च एकत्र मांडून बघा.