माइनक्राफ्ट सर्व्हरच्या खोडी: कोणती घालवायची, कोणती वापरून घ्यायची (अनुभव धागा)

माइनक्राफ्टची जावा आवृत्ती चार मित्रांबरोबर एका सर्व्हरवर खेळायला लागलं की तिच्या खोडी कळायला लागतात. फोडलेला दगड परत जागेवर येतो, करंट काढला तरी पिस्टन (ढकलणारा ब्लॉक) मिटत नाही, उडता उडता गेम बाहेर काढतो. काही खोडी सेटिंग बदलून जातात, काहींना वळसा घालावा लागतो. काही मात्र इतक्या उपयोगी आहेत की त्या गेल्या तर निम्मी यंत्रं बंद पडतील. सर्व्हर चालवणाऱ्यांनी आणि रेडस्टोनवाल्यांनी (रेडस्टोन म्हणजे गेममधली वीज) आकड्यांसकट लिहा: काय बिघडतं, का, आणि तुम्ही काय करता.

सुरुवात मोजण्यापासून करतो, कारण 'लॅग येतोय' एवढ्यावर उपाय सापडत नाही. सर्व्हर जग टिकटिकने, म्हणजे छोट्या पावलांनी पुढे सरकवतो: सेकंदाला २० टिक, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. काम त्यात मावलं नाही की अख्खं जग संथ होतं. ऑपरेटर (सर्व्हरवर कमांड द्यायचा अधिकार असलेले) असाल तर गेमच्या १.२०.३ पासून 'टिक क्वेरी' कमांड थेट आकडा देते. नसाल तर भट्टी वापरा. साध्या भट्टीत एक वस्तू २०० टिकमध्ये, म्हणजे १० सेकंदांत भाजते. मोबाइलवर वेळ लावा. १६ सेकंद लागले तर २०० भागिले १६, म्हणजे सर्व्हर १२.५ टिकवर आलाय. भट्टी वेळेत चालतेय आणि तरी दार उशिरा उघडतंय, तर दोष नेटचा. दोन्ही ठीक असून चित्र अडखळतंय, तर तुमच्या मशीनचा.

पिस्टनप्रेमी
वापरून घ्यायच्या खोडींमध्ये पहिला मान क्वासी-कनेक्टिव्हिटीचा. पिस्टन आणि वस्तू बाहेर टाकणारे डिस्पेन्सर व ड्रॉपर हे ब्लॉक स्वतःच्या जागेबरोबरच डोक्यावरच्या रिकाम्या जागेलाही करंट मिळतोय का ते बघतात. करून बघा: जमिनीवर आडव्या तोंडाचा पिस्टन ठेवा. त्याच्या वरची जागा मोकळी सोडा आणि त्या मोकळ्या जागेच्या बाजूला, म्हणजे पिस्टनला तिरका, रेडस्टोन ब्लॉक (कायम करंट देणारा) लावा. पिस्टन हलणार नाही. आता पिस्टनला चिकटून कुठलाही साधा दगड ठेवा, तो लगेच बाहेर येईल. करंट आधीच होता, शेजारी काहीतरी बदलल्याची खबर तेवढी पोचली नव्हती. रेडस्टोन ब्लॉक काढलात तरी पुढची खबर येईपर्यंत पिस्टन बाहेरच राहतो.

पिस्टन अडकल्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते: दुसऱ्याच कामाची वायर त्याच्या डोक्याजवळून गेलेली असते. वायर एक ब्लॉक खाली घ्या किंवा बाजूने फिरवा. आणि गुप्त दार हवं असेल तर हीच खोड सोन्यासारखी आहे. पिस्टनला लागून ठेवलेला एखादा ब्लॉक हीच किल्ली, लिव्हर कुठेही दिसत नाही. मोबाइल, कन्सोलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत हे चालत नाही. त्यामुळे एखादं डिझाइन बघून बांधायच्या आधी ते कुठल्या आवृत्तीचं आहे ते तपासा.

अजून एक. तेच यंत्र दुसरीकडे बांधलं की चुकतं, याचं कारण अनेकदा रेडस्टोन डस्ट, म्हणजे वायर म्हणून टाकायची पूड असते. तिच्या अपडेटचा क्रम जागेनुसार बदलतो. दोन पिस्टन एकाच क्षणी सुटत असतील आणि आधी कोण हे महत्त्वाचं असेल तर क्रम नशिबावर सोडू नका. जो नंतर हलायला हवा त्याच्या आधी एक रिपीटर (करंट जरा थांबवून पुढे देणारा) घाला.

रात्रपाळी
वरच्या मोजणीला जोडून, सर्व्हर संथ असताना खेळायचं कसं ते लिहितो. तुमची चाल तुमच्या मशीनवर ठरते, त्यामुळे १० टिकवरही तुम्ही नेहमीच्या वेगाने पळता. झोंबी मात्र निम्म्या वेगाने येतात. पळून सुटायला ही वेळ उत्तम. उलट, खाणं सर्व्हरच्या हिशोबाने होतं: ३२ टिक, म्हणजे एरवी १.६ सेकंद, आता ३.२. हार्ट्स संपत आल्यावर खायला घेऊ नका, आधीच खा. मार बसल्यावर शत्रूला जी १० टिकची सूट मिळते तीही लांबते, म्हणून भराभर क्लिक करण्यात अर्थ नाही. यंत्रांच्या टायमिंगची काळजी मात्र नको. रिपीटर, हॉपर, पाणी सगळं एकाच टिकवर चालतं, सगळं मिळून संथ होतं. बिघडतं ते जिथे आपला हात मध्ये येतो तिथे.

गोदामवाला
मोठ्या स्टोरेजवाल्या सर्व्हरवर टिकचा वेळ कोण खातं ते शोधताना हॉपरकडे (वस्तू गोळा करून पुढे सरकवणारं नरसाळं) आधी बघा. वर चेस्ट किंवा दुसरा हॉपर नसलेला प्रत्येक हॉपर डोक्यावर एखादी वस्तू पडलीय का ते शोधत राहतो. अशा हॉपरवर कंपोस्टर (खताचा डबा) ठेवला की हा शोध थांबतो. हॉपरची लांब रांग तर टाकूच नका. ती सेकंदाला जेमतेम अडीच वस्तू नेते. बर्फावरून वाहणारं पाणी त्याहून कितीतरी जास्त नेतं, हॉपर फक्त शेवटी.

सर्व्हर प्रॉपर्टीज या सेटिंगच्या फाइलमध्ये व्ह्यू डिस्टन्स (किती लांबचं दिसतं) आणि सिम्युलेशन डिस्टन्स (किती लांबपर्यंत जग चालू राहतं) दोन्ही मुळात १० असतात. दुसरं आधी ६ वर आणा. दृश्य तेवढंच लांबचं दिसतं, पण काम करणारी जमीन घटते: २१ गुणिले २१ चंकऐवजी (चंक म्हणजे जगाचा एक चौकोनी तुकडा) १३ गुणिले १३. फटका एकच: घरी बसून लांबचं शेत चालत असेल तर ते थांबेल. पिस्टनच्या जोरावर सरकणारं फ्लाइंग मशीन या हद्दीवर अर्धवट थांबलं तर तुटतं, म्हणून लॉगआउट करण्याआधी ते बंद करा.

बाल्कनीकर
फोडलेला ब्लॉक परत येणं म्हणजे दरवेळी लॅग नव्हे. स्पॉनच्या, म्हणजे जगात सगळे पहिल्यांदा उतरतात त्या जागेच्या आसपास स्पॉन प्रोटेक्शन मूळ १६ असतं. ऑपरेटर नसलेल्यांना त्या ३३ गुणिले ३३ च्या चौकोनात काही फोडता येत नाही. सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये ते ० करा. आणि लॅगमध्ये हवेत लटकून बाहेर फेकले जात असाल तर तिथेच अलाउ फ्लाइट ट्रू करा. संथ सर्व्हर पडणाऱ्या माणसालाही उडणारा समजतो.

वायरमन
जावा आवृत्ती टीसीपीवर चालते, म्हणजे नेटवरची पॅकेट क्रमानेच पोचवणाऱ्या पद्धतीवर. एक पॅकेट हरवलं की मागची सगळी त्याच्यासाठी थांबतात. म्हणून सरासरी पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) ४० असूनही वायफायवर मध्येच सगळं गोठतं आणि मग एकदम पुढे पळतं. लॅन केबल लावा, महागड्या प्लॅनपेक्षा तिचा उपयोग जास्त. एफ३ आणि ३ दाबल्यावर येणाऱ्या पिंगच्या आलेखात सरासरीपेक्षा उंच सुळके बघा.

घरच्या मशीनवर सर्व्हर ठेवणाऱ्यांनी राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही नेट कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे आहात. गेमचं पोर्ट २५५६५ राउटरवर कितीही फॉरवर्ड केलं तरी बाहेरून कोणी येणार नाही. टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क सगळ्यांच्या मशीनवर टाका, किंवा मुंबई डेटा सेंटरमधला सर्व्हर भाड्याने घ्या. मंडळीतलं कोणी अमेरिकेत असेल तर कुठेही ठेवलात तरी एका बाजूला पिंग जास्तच राहणार. मग ज्याला लढाईची आवड त्याच्या जवळ ठेवा, बांधकाम करणाऱ्याला २५० पिंग चालून जातं.

आणि वीज जाण्याचा भरवसा नसेल तर मशीन आणि राउटर दोन्ही यूपीएसवर हवेत. बॅटरीवर गेल्या गेल्या 'स्टॉप' द्या. मध्येच बंद पडलं तर खेळाडूची बॅग आणि चेस्ट वेगवेगळ्या वेळच्या राहू शकतात, वस्तू दुप्पट होतात किंवा गायब होतात. बॅकअप चालू सर्व्हरचा घेणार असाल तर आधी 'सेव्ह ऑफ', मग 'सेव्ह ऑल फ्लश', फोल्डर कॉपी, आणि न विसरता 'सेव्ह ऑन'.