मदत हवी आहे: पाणाड्यांनी दोन जागा दाखवल्या, बोअर कुठे मारायची?

बोरिवलीकर: खाडीच्या बाजूची सोसायटी, फ्लशिंग आणि बागेसाठी बोअर मारायचीय. एका पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला मागच्या गेटपाशी, दुसऱ्याच्या तांब्याच्या सळ्या फिरल्या टाकीशेजारी. जमिनीत वीज सोडून पाणी शोधणारा सर्व्हेवाला म्हणतो आवारात रीडिंग नीट येणार नाही. कमिटीत दोन तट पडलेत. जागा कशी ठरवायची?

खडकफोड्या: नारळ मनगटाच्या नकळत हालचालीने उठतो. सळ्यांचंही तेच, मूठ जराशी कलली की लांब बाजू फिरते, आणि धरणाऱ्याला खरंच खालून ओढ जाणवते. (लबाडी असेलच असं नाही.) 1990 मध्ये जर्मनीत कासेलला 30 जणांची चाचणी झाली: जमिनीत 50 सेंटीमीटरवर प्लास्टिकचा पाइप, त्यात पाणी वाहतंय की नाही एवढंच सांगायचं. निकाल छापा-काट्याइतकाच. कमिटीला पटत नसेल तर दोघांनाही डोळ्यांवर पट्टी बांधून पाच-पाच फेऱ्या मारायला लावा, खडूने खुणा करा. धरून नेणाऱ्यालाही आधीच्या जागा माहीत नकोत.

चौथा_मजला: मग गावाकडे पाणाड्या सांगतो तिथे पाणी लागतं ते कसं?

खडकफोड्या: तो सांगत नाही तिथेही लागतं! काळ्या पाषाणात पाणी मुरुमात, भेगांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात साठतं, थोडंफार बऱ्याच ठिकाणी मिळतं. मे महिन्यात किती उरतं ते महत्त्वाचं. सर्व्हेवाला बरोबर बोलतोय: 60 मीटर खालचं बघायला तारा पसरायला साधारण 200 मीटर सरळ रेषा लागते, शिवाय केबल आणि लोखंडी पाइप रीडिंग बिघडवतात. शेजारच्या सोसायट्यांच्या बोअरची खोली, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप), मेमधली पातळी आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) विचारा. खाडीजवळ खोल जाऊन जोरात उपसलं तर खारं पाणी आत येतं, बाग गेली समजा.

बोरिवलीकर: मागच्या गेटला ड्रेनेजचं चेंबर आहे. टाकीशेजारी घेऊ? आणि 'दोन इंची पाणी' म्हणजे किती?

पंपवाला: चेंबरपासून लांबच राहा. पालिकेची परवानगी काढा, मग टाकीशेजारी आधी हाताने दीड मीटर खणा, केबल-पाइप असतील तर दिसतील. केसिंग मुरुमात सोडू नका. कठीण खडकात टेकवून बाहेरून सिमेंट भरा, नाहीतर गटाराचं पाणी कडेने उतरतं. इंच सोडा, 200 लिटरचा ड्रम लावा: चार मिनिटांत भरला तर तासाला 3000 लिटर. मात्र पंप सहा-आठ तास चालवून पातळी स्थिरावल्यावरच मोजा, बोअरवाला पहिल्या दहा मिनिटांचा आकडा सांगतो.